बाणाऐवजी बैल

पुणे,
६ नोव्हेंबर १९८९

ती. अक्का,

दंडवत. एरवी हा शब्द मी सवयीने लिहितो, आज खरोखर पालथा पडून लिहितोय असं समज.

दिवाळीच्या पाडव्याला दुकानात काय झालं ते दाजींनी सांगितलंच असेल. पण दाजी हसत हसत सांगतात, त्यात माझी बाजू राहून जाते. म्हणून माझ्याकडून ऐक. गादीची पूजा झाली, पेढे वाटले, मोंढ्यातले सगळे धान्याचे व्यापारी, आडते, हमाल आपल्या ओट्यावर जमले होते. अप्पांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "नागप्पा, तू पुन्याला नेमकं काय करायलास?"

मी म्हणालो, सॉफ्टवेअरचा आराखडा करतो. शेजारच्या दुकानाचे तात्याराव म्हणाले, "म्हंजी टायपिंग." सगळे हसले. मीही हसलो. बीएस्सी झालो, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला, आणि मोंढ्यात मी टायपिस्ट ठरलो.

घरी आल्यावर अप्पा हसत नव्हते. म्हणाले, "जे काम बापाला समजून सांगता येत न्हाई, ते काम न्हाई, निमित्त हाय. शिवरात्रीपर्यंत मुदत. मला समजलं तर खुशाल ऱ्हा तिकडं. न्हाई समजलं तर गादीवर येऊन बस." अप्पांचा शब्द तुला माहीत आहे. तूर घेताना बोललेला भाव ते बाजार उतरला तरी फिरवत नाहीत, माझ्या बाबतीत कशाला फिरवतील.

तर आता तुझी मदत पाहिजे. इकडच्या एका बाजार समितीचं काम आम्ही कॉम्प्युटरवर चढवतोय. माल दरवाजातून आत आला की त्याची नोंद, मग हर्राशीत बोली लागून भाव, मग काट्यावर माप, मग शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी. कॉम्प्युटरला हे सगळं सांगायच्या आधी कागदावर चौकोन काढायचे, चौकोनांमध्ये बाण काढायचे, कोणतं काम कोणामागून होतं ते ठरवायचं. हेच माझं काम. सोबत तो आराखडा पाठवतोय. आमच्या साहेबांनी त्याला सुंदर म्हटलं, आणि ते स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेलाही बरी आहे एवढंच म्हणाले होते. अप्पांना तो दाखव. विषय मोंढ्याचाच आहे. आडत्याला नाही समजणार तर कोणाला समजणार?

तुझा टायपिस्ट,
नागप्पा


मानवत,
१८ नोव्हेंबर १९८९

चि. नागप्पा,

आशीर्वाद आहेतच, ते जपून वापर.

आराखडा दाखवला. अप्पांनी चष्मा धोतराला पुसला, कागद लांब धरला, मग जवळ धरला. बराच वेळ बघितलं. मला वाटलं समजायला लागलं. मग म्हणाले, "प्लॉटिंग चांगलं हाय. कोपऱ्याचा प्लॉट केवढ्याला द्यायलेत?"

मी म्हणाले, अप्पा, हे प्लॉट नाहीत. ही मोंढ्यातली कामं आहेत, आणि हे बाण. त्यांनी बाणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही नाली. पण हिला उतार कुठाय?"

तू हसू नकोस, कारण मी पण हसले नाही. खरं सांगायचं तर मला तरी कुठं समजलं? मी शाळेत गणित शिकवते, पोरी मला घाबरतात, आणि तुझ्या कागदापुढं मी त्यांच्यासारखीच खाली मान घालून बसले. तुझे दाजी म्हणाले, हा जिनिंगच्या कारखान्याचा नकाशा असेल. तुला बरं वाटावं म्हणून एवढंच सांगते की तुझी पट्टीने मारलेली रेघ अगदी सरळ आहे, सगळ्यांनी कौतुक केलं.

मला वाटतं खोट अशी आहे: तुझ्या कागदावर कोणी हलतच नाही. बाण म्हणजे नुसती बोली झाली, माल इथून तिथं जाईल. पण जाताना कोणी बघितला? माझ्या वर्गात सातवीच्या पोरी वहीच्या कोपऱ्यात पानोपान एकेक चित्र काढतात, जरा जरा बदलून. पानं अंगठ्यानं फडफडवली की चित्रातली बाई फुगडी घालते. मी ती वही जप्त केली आणि मधल्या सुट्टीत स्वतःच फडफडवत बसले. मुख्याध्यापक आत आले तेव्हा फार पंचाईत झाली.

तुझ्या कॉम्प्युटरला फुगडी घालता येते का बघ.

बाकी इकडे ठीक आहे. अप्पांचे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझी,
अक्का


पुणे,
१२ डिसेंबर १९८९

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून मला राग आला. नंतर हसू आलं. पुढच्या आठवड्यात मी फुगडी घालायला लागलो. हा क्रम माझ्या बाबतीत नेहमीचाच.

आपला आराखडा मी कॉम्प्युटरवर पुन्हा काढला. चौकोन तेच, आत मराठीत नावं लिहिली: दरवाजा, हर्राशी, माप, पट्टी. आणि एक गोल गाठोडं घातलं. पहिल्या चित्रात ते दरवाजाबाहेर, दुसऱ्यात केसभर पुढं, तिसऱ्यात आणखी केसभर. पडद्यावर ती चित्रं भराभर आली की गाठोडं चालतं. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरची बाई उठून दुसऱ्या खोलीत गेली.

आता सांगतो ती गोष्ट तात्यारावांना सांगू नकोस. गाठोडं हर्राशीच्या चौकोनापर्यंत गेलं आणि थांबलं. मला वाटलं, यंत्र बिघडलं. यंत्र चांगलं होतं. माझ्या त्या सुंदर आराखड्यात हर्राशीचा चौकोन मापाची वाट बघत होता, कारण मी लिहून ठेवलं होतं की वजन कळल्याशिवाय भाव लावायचा नाही. आणि मापाचा चौकोन हर्राशीची वाट बघत होता, कारण भाव ठरल्याशिवाय काटा लावायचा नाही. पहिले आप, पहिले आप. कागदावर ते दोन बाण समोरासमोर इतके शोभून दिसत होते की साहेब खूश, मी खूश. शेतकरी मात्र तुरीचं पोतं घेऊन जन्मभर तिथं बसला असता. मी लहानपणापासून मोंढ्यात खेळलो, ढीग बघून आधी हर्राशी होते आणि मग काटा लागतो हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण बाण काढताना कोणी विचारलं नाही. चित्राला पुढचं पाऊल टाकायला सांगितलं तेव्हा त्यानेच मला विचारलं.

बाण दुरुस्त केला. गाठोडं दरवाजातून थेट पट्टीपर्यंत जातं.

मानवतला कॉम्प्युटर कुठून आणणार, म्हणून सगळी चित्रं छापून काढली, कातरली, जाड कागदावर चिकटवली आणि आप्पा बळवंत चौकातल्या बाइंडरकडून डाव्या कडेने शिवून घेतली. दोन्ही बाजूंना खाकी पुठ्ठा आहे. बाइंडरने विचारलं, वर नाव काय घालू? मी म्हणालो, काही नको, आमच्या वडिलांना कळेल. छपाईची फीत संपली म्हणून साहेब ओरडले. ते ऐकून घेतलं.

पुस्तक रजिस्टरने पाठवलंय. अप्पांच्या हातात दे आणि बाजूला हो. काही समजावून सांगू नकोस. हे आपोआप समजणारं आहे.

तुझा,
नागप्पा


मानवत,
३० डिसेंबर १९८९

चि. नागप्पा,

बस आणि पाणी पी.

पुस्तक अप्पांच्या हातात दिलं आणि तू सांगितल्याप्रमाणे बाजूला झाले, ओट्यापलीकडे. त्यांनी फडफडवलं. पुन्हा फडफडवलं. मग तात्यारावांना हाक मारली. दोघांनी मिळून फडफडवलं. मोंढ्यात तुरीची आवक चालू आहे, हमालांना बसायला फुरसत नाही, पण तेही गोळा झाले.

अप्पा म्हणाले, "ह्याचा कंपूटर येडा हाय." मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "ह्यो आधी पट्टी करायलाय. मंग माप. मंग हर्राशी. आन मंग सगळा माल दरवाजातून गावाकडं परत. असा मोंढा कुठं असतो?"

तात्याराव म्हणाले, "चांगलं हाय की. शेतकऱ्याला माल बी परत, पट्टी बी हातात. आडत्यानं भजन करावं."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. पुस्तक फडक्यात गुंडाळून गल्ल्याशेजारी ठेवून दिलं. मला वाईट वाटलं ते याचं, की तुला ते येडा म्हणाले नाहीत, कॉम्प्युटरला म्हणाले. लोकांपुढं तुला सांभाळून घेतलं.

नागप्पा, तू घाईत चित्रं उलटी तर नाही लावलीस? तू लहानपणी सदऱ्याची बटणं एक घर सोडून लावायचास.

अजून एक. हे तुला लिहिणार नव्हते. अप्पांनी मागच्या आठवड्यात पिंजाऱ्याला बोलावून एक लोड नवा भरून घेतला. आपल्या लोडाशेजारी ठेवलाय. कोणाला त्यावर टेकू देत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, "मालक यायलेत शिवरात्रीला."

तुझी,
अक्का


पुणे,
१० जानेवारी १९९०

ती. अक्का,

चित्रं उलटी लावलेली नाहीत. माझ्याकडची दुसरी प्रत मी साहेबांना दाखवली, त्या शेजारच्या बाईंना दाखवली, चहावाल्याला दाखवली. सगळ्यांचं गाठोडं दरवाजातून आत जातं. फक्त मानवतमध्ये ते बाहेर येतं. आपल्या गावाचं पाणीच असं असेल.

साहेबांनी तर ती प्रत ठेवून घेतली. त्या बाजार समितीच्या लोकांनाही आमचा आराखडा कळलेला नव्हता, पण ते शहाणे, मान डोलवून मोकळे झाले होते. गाठोडं चालताना बघितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी शंका काढल्या. म्हणजे ज्यांना समजायची गरज नव्हती त्यांना समजलं, आणि ज्यांना समजावं म्हणून हे केलं त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवलं.

मी चिडलोय हे तुला अक्षरावरून कळेलच. मला वाटायला लागलंय की अप्पांना समजूनच घ्यायचं नाही. लोड भरून घेतलाय ना, मग कशाला समजेल? चित्र बघण्याआधीच निकाल लागलेला आहे. एवढा मोठा माणूस आणि पोराशी असा डाव.

हे वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं, पण शाईचं पेन आहे.

एकच काम कर. पुन्हा बघायला दे आणि या वेळी ओट्यापलीकडे उभी राहू नकोस. त्यांच्या हाताकडे बघ.

नागप्पा


मानवत,
२२ जानेवारी १९९०

चि. नागप्पा,

हाताकडे बघितलं. आता तू डोक्याला हात लाव, मी लावून झाले.

अप्पा गल्ल्यावर पेपर वाचत होते. मी म्हणाले, ते पुस्तक पुन्हा बघू. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, पुस्तक घेतलं, मागचा पुठ्ठा उघडला, आणि डाव्या अंगठ्यानं शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडं सोडत गेले. अगदी सहज, रोज तसंच करत असल्यासारखे. आणि रोज तसंच करतात. घडी करून ठेवलेला पेपर कोणता होता? हैदराबादचा उर्दू.

अरे, आपण दोघं त्यांच्याच घरात वाढलो. निजामाच्या राज्यात ते मिडलपर्यंत उर्दूतून शिकले, हिशेब उर्दूत करतात, आकडा मनात उर्दूतच म्हणतात. त्यांच्यासाठी पुस्तक त्याच बाजूने सुरू होतं. तात्याराव त्याच शाळेत त्यांच्या मागच्या बाकावर होते. तू दोन्हीकडे सारखाच खाकी पुठ्ठा लावलास, वर नाव घातलं नाहीस. गाठोडं असं गोल काढलंस की पुढून बघा, मागून बघा, एकच. मग ते कुठून आलं आणि कुठं गेलं, कोणी कसं ओळखावं?

मी त्यांना सांगितलं नाही. ओठावर आलं होतं, गिळलं. सगळ्या मोंढ्यादेखत ते बोलून बसलेत. आता मी म्हणायचं की अप्पा, तुम्ही पुस्तक उलटं धरलं होतं, आणि तात्यारावांनी ते ऐकायचं? त्यापेक्षा ते तुला गादीवर बसवतील आणि मलाही शेजारी बसवतील. शिवाय अट काय आहे? त्यांना समजलं पाहिजे. मी समजावलेलं चालणार नाही.

चित्रानेच त्यांना सांगितलं पाहिजे. असं काहीतरी घाल ज्याला तोंड असतं.

आणि तो डाव वगैरे लिहिलंस ते मी शाई सांडून पुसून टाकलंय. कधी विचारलंस तर लिहिलंच नव्हतंस.

अक्का


पुणे,
८ फेब्रुवारी १९९०

ती. अक्का,

शाई सांडलीस त्याबद्दल दंडवत. या वेळी सवयीचा नाही.

बाणाला टोक असतं, तेवढ्यावर मी आजवर भिस्त ठेवून होतो. टोक वेगळं आणि तोंड वेगळं, हे मला कोणत्याच डिप्लोमात शिकवलं नाही. म्हणून गाठोडं काढून टाकलं. आता गाडी आहे, गाडीत पोती, गाडीला बैलजोडी.

बैल काढायला मला गाठोड्यापेक्षा फार वेळ लागला. पहिला बैल शेळीसारखा झाला. दुसऱ्याला शिंगं मोठी काढली तर तो सायकलच्या हँडलसारखा दिसायला लागला. साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, तुमच्याकडची गाढवं बरीच धष्टपुष्ट असतात. मी म्हणालो, होय. शेवटी वशिंड काढलं तेव्हा तो बैल झाला. पोळ्याला बैल सजवणाऱ्या माणसाच्या पोराला बैलाला वशिंड असतं हे आठवायला एवढे दिवस लागले.

गाडी दरवाजातून आत येते, हर्राशीपाशी उभी राहते, मापाकडं जाते, पट्टीपाशी रिकामी होते. पुठ्ठा पुन्हा दोन्हीकडे खाकीच ठेवलाय, वर नाव नाही. मुद्दामच. कुठून उघडायचं ते बैल सांगतील, मी नाही.

शिवरात्र तोंडावर आली. मी राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवलाय, तारखेची जागा मोकळी सोडून. गादीची मला भीती वाटत नाही, अक्का. आडत मला येईल, रक्तातच आहे. भीती वाटते ती वेगळीच. मी त्या नव्या लोडाला टेकून आयुष्यभर अप्पांच्या शेजारी बसेन, आणि इथं मी काय करत होतो हे त्यांना कधीच कळणार नाही. पाडव्याला लोक हसले त्याचं काही नाही. अप्पांनी खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं होतं, आणि मला सांगता आलं नाही. ते मला लागलंय.

आज रजिस्टर करतोय.

तुझा,
नागप्पा


मानवत,
२६ फेब्रुवारी १९९०

चि. नागप्पा,

विद्यापीठाच्या नामांतराचा बंद होता, एसट्या परभणीच्या डेपोतच उभ्या होत्या, टपाल तिथंच अडकलं. पुस्तक आलं ते नेमकं शिवरात्रीला दुपारी. अप्पा मंदिरातून आले होते, उपास होता, कपाळावर भस्म होतं. मी पुस्तक पुढं केलं.

त्यांनी मागचा पुठ्ठा उघडला आणि अंगठा सोडला. तुझे बैल पट्टीपासून निघाले आणि मागच्या मागं चालत मापाकडं गेले. अप्पांचा अंगठा तिथंच थांबला. त्यांनी मान वर करून आधी तात्यारावांच्या दुकानाकडं बघितलं. तात्याराव गिऱ्हाइकात होते. मग माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

त्यांनी पुस्तक हळूच फिरवलं आणि तुझ्या बाजूने उघडलं.

किती वेळा बघितलं ते मी मोजलं नाही. भगर थंड झाली. संध्याकाळी तात्याराव आले, विचारलं, "काय म्हणतोय येडा कंपूटर?" अप्पा म्हणाले, "येडा न्हाई. बैल मागं चालत न्हाईत, तात्या." आणि त्यांना गादीवर बसवून, बोट ठेवून ठेवून, सगळं समजावून सांगितलं. हर्राशीच्या आधी काटा का लावायचा नाही हे सुद्धा. तू असतास तर तुला वाटलं असतं, तुझे साहेबच बोलतायत.

मी लोडाचं विचारलं. म्हणाले, "त्याला मी लिहितो." मला काही सांगितलं नाही. राजीनाम्यावर अजून तारीख घालू नकोस.

अक्का


मानवत,
१ मार्च १९९०

चि. नागप्पा यास शिवाप्पाचा आशीर्वाद.

मराठी लिहायची सवय कमी, म्हणून अक्षराला हसू नये.

तुझं काम समजलं. मोंढ्यात माणूस काय करतो ते तू आधी चित्रात चालवून बघतोस, कुठं अडतं ते बघतोस, मग यंत्राला सांगतोस. हे काम आहे. टायपिंग नाही. तात्यारावाला तसं सांगितलं आहे, आणि पाडव्याला जे लोक हसले त्यांनाही एकेकाला बोलावून दाखवलं. आता कोणी हसत नाही. बैल बारीक आहेत, चारा कमी पडला असं वाटतं. एवढं सुधार.

मी शब्द दिला होता, तो पाळतो. तू तिकडं खुशाल राहा. नव्या लोडावर सध्या तात्याराव टेकतो. त्याची पाठ दुखते.

पहिल्या पुस्तकाचं काय झालं तेही माझ्या ध्यानात आलं. तुझी अक्का छताकडं बघत होती, पण मास्तरीण आहे, तिला खोटं बोलता येत नाही. मी माझ्या बाजूने उघडलं होतं. तुझी बाजू वेगळी आहे.

दुकानात कोणी आलं की मी तुझ्याच बाजूने दाखवतो. गाडी गावातून निघते, मोंढ्यात जाते, माल उतरतो. सगळं बरोबर आहे. पण घरी आल्यावर, जेवण झाल्यावर, मी माझ्या बाजूने बघतो. त्या बाजूने गाडी भरते, दरवाजातून बाहेर पडते, आणि बैल मागच्या पावलांनी का होईना, घराकडं येतात.

होळीला येतोस का ते कळव.

शिवाप्पा